‘या, बसा’चा यजमान

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘मजला’ म्हणत. त्याला पत्ता विचारला की तो रस्ता, चौक, खूण यातलं काही सांगत नसे. “ती नाही का सातमजली, जिचं दार बंद होताना कण्हतं,” असं म्हणायचा आणि समोरच्याला कळलं असं धरून चालायचा. कंपनीतल्या पोरांनी हे नाव पाडलं, पुढे तो त्याच नावाने रॅप करायला लागला, आणि शेवटी सासुरवाडीचे लोकसुद्धा “काय म्हणतो मजला? बरा आहे ना?” असं विचारू लागले. माणूस काटकुळा, मिशी असून नसल्यासारखी, आणि लिफ्टमध्ये शिरायची वेळ आली की नेहमी सगळ्यांच्या शेवटी. गर्दी असली तर “जा तुम्ही, मी येतो जिन्याने” म्हणणारा. आता बघा, लिफ्टचा मेकॅनिक आणि जिना चढतोय! त्याच्या बायकोने यावर संसाराच्या सुरुवातीला काय हसायचं ते हसून घेतलं होतं. पुढे पुढे तिला हसू येईनासं झालं.

ही खोड त्याला मामाच्या घरी लागली. आई गेल्यावर तो मामाकडेच वाढला. घर दोन खोल्यांचं, पण माणसांचा राबता एवढा की दाराला आतून कडी लावलेली कुणी पाहिली नाही. मामाचे मित्र, मामीचे भाऊ, भावांचे मेव्हणे, मेव्हण्यांचे शेजारी, कुणी ना कुणी कायम आलेलं. पाहुणा आला की सगळ्यात आधी उचललं जायचं ते ह्याचं अंथरूण. “तू काय रे राजा, कुठेही झोपशील,” असं मामी म्हणायची, आणि तो खरोखर कुठेही झोपायचा. ओट्याखाली, दारामागे, एकदा तर धुण्याच्या ढिगाला टेकून. मग मामी पाहुण्याला कौतुकाने सांगायची, “गुणाचा आहे हो पोरगा. कधी म्हणून काही मागत नाही.” दारामागे पडल्या पडल्या तो हे ऐकायचा आणि सुखावायचा. मामी वाईट नव्हती, उगाच तिच्यावर ठपका नको. तिने त्याला कधी उपाशी ठेवलं नाही की हात उगारला नाही. पण ‘ही ह्याची जागा’ असं त्या घरात काही नव्हतं, आणि नाही म्हणजे नसायचंच, असं पोराने स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं.

रॅपचं वेड त्याला लागलं ते कामावर. उमेदवारीच्या काळात उस्ताद खाली तळाशी काम करायचा आणि ह्याला वर लिफ्टच्या डब्याच्या टपावर बसवून ठेवायचा. चारी बाजूंनी भिंती, मधे दोर, वर अंधार. तिथे बसून काही पुटपुटलं की आवाज पार खालपर्यंत जायचा आणि अंगाला तेल चोपडून आल्यासारखा गुळगुळीत होऊन परत यायचा. मशीनची टकटक होतीच ताल धरायला. ह्याने आधी उस्तादाची नक्कल केली, मग त्या तालावर उस्तादाबद्दल चार ओळी जुळवल्या. उस्तादाने खालून त्या ऐकल्या आणि पाना फेकून मारला. लागला नाही. मजला पुढे सांगायचा की ती त्याला मिळालेली पहिली दाद.

पुढे शहरात अशा वेड्यांचे अड्डे असतात हे त्याला कळलं. एखाद्या सभागृहात गोल करून उभं राहायचं आणि एकेकाने आपापल्या ओळी म्हणायच्या. मजला दर आठवड्याला जायचा. त्याची पाळी आली की शेजारचा कुणीतरी उतावळा दिसायचा आणि हा म्हणायचा, “घे ना तू आधी.” असं करता करता पाळी गोल फिरून परत येईपर्यंत सभागृहाचा रखवालदार दिवे मालवायला आलेला असायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. सगळ्यांना तो आवडायचा. कुणाला ओळ अडली तर मजल्याला विचारायचे, आणि तो सुचवायचाही. त्याची स्वतःची ओळ मात्र कुणाला आठवत नसे, कारण ती कुणी ऐकलेलीच नव्हती.

अपवाद एकच, त्याचा मित्र गालिचा. ह्याच्या वडिलांचं गालिच्यांचं दुकान होतं. त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांचं गोदाम होतं, आणि तिथले न विकलेले गालिचे भिंतींना ठोकून पोराने स्टुडिओ केला होता. “माल खपत नाही म्हणून आता लोकांचा आरडाओरडा साठवतोय,” असं वडील गिऱ्हाइकांना सांगत. खोलीला खिडकी नव्हती. लोकरीचा वास यायचा, आणि बोललेला शब्द भिंतीवर आपटून परत न येता पायाशी पडायचा. रेकॉर्डिंगला ते फार चांगलं. गालिचा तिथे दिवसभर संगणकाच्या पडद्यासमोर बसून लोकांचे आवाज घासूनपुसून नीट करायचा.

“इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्यास,” गालिचा एकदा म्हणाला. “आता स्वतःचा अल्बम काढ. मी बसतो तुझ्याबरोबर.”

मजल्याने आठवडाभर विचार केला. मग येऊन म्हणाला, “काढू. पण एकट्याने कसं रे? लोकांना बोलावू या.”

“किती लोकांना?”

“येतील तेवढ्यांना. नावपण ठरवलंय. ‘या, बसा’.”

गालिच्याला वाटलं, गडी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. मजल्याने आमंत्रणांचा सपाटाच लावला. आणि इथे ह्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. पाहुणे कलाकार कधीही ठरल्या वेळी येत नाहीत. गाणं तर पुढे न्यायचं असतं. म्हणून पाहुण्याच्या जागी तात्पुरता दुसऱ्या कुणाचा तरी आवाज भरून ठेवतात, म्हणजे कुठे सुरू करायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं ते पक्कं होतं. याला म्हणतात डमी. पाहुणा आला की डमी त्याच्या कानात वाजवायची, त्याने तिच्या मागोमाग आपले शब्द म्हणायचे, आणि काम झालं की डमी बंद. इतर लोक डमीत काहीही बडबडतात. कुणी आकडे म्हणतं, कुणी बाजारातून आणायच्या वस्तू. मजला तसं करीना. ज्या पाहुण्यासाठी डमी करायची त्याच्या धाटणीने, त्याच्या आवाजाच्या चढउताराने तो पूर्ण, चोख ओळी लिहायचा आणि जीव तोडून म्हणायचा.

“अरे बाबा, हे नंतर पुसायचंय आपल्याला,” गालिचा कळवळून म्हणायचा.

“माहीत आहे. पण पाहुण्याला काय नुसत्या जमिनीवर बसवायचं?”

पाहुणे येऊ लागले. शिकवणीचे सर आले. ते भूमितीवर रॅप करायचे, आणि प्रमेय अर्धं सोडणं त्यांच्या जिवावर यायचं. “माझं थोडं राहिलंय, दोन ओळी वाढवू का?” त्यांनी विचारलं. मजला म्हणाला, “घ्या ना.” दोन ओळींच्या डझनभर झाल्या. टायरच्या दुकानातले जुळे भाऊ आले. दोघांपैकी कुणीच दुसऱ्या नंबरावर बोलायला तयार होईना, तेव्हा दोघांना स्वतंत्र जागा करून द्यावी लागली, आणि त्या गाण्यातून मजल्याचा भाग गेला. केस कापणारी ताई आली ती नणंदेला घेऊन. “हिचंही घ्याल का जरासं? घरी नुसती भांडते, इथे तरी कामाला येईल.” घ्या ना. विमानतळावर घोषणा करून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. त्या घोषणेच्याच थंड, गोड सुरात नातेवाइकांचा असा उद्धार करायच्या की गालिचा हसून हसून खुर्चीवरून घसरला. त्यांना थांबवणं तर कुणालाच शक्य नव्हतं. एकेक गाणं भरत गेलं, आणि मजला एकेका गाण्यातून बाहेर निघत गेला. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटायचं, पण पाहुणा खूश होऊन खाली उतरला की मामीचा आवाज आल्यासारखं व्हायचं, आणि मग बरं वाटायचं.

बायको चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची. दिवसभर केसाएवढ्या फरकावर नजर ठेवायचं काम, त्यामुळे घरीही तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तो स्टुडिओतून आला की तिचा एकच प्रश्न, “आज तुमचं किती झालं?”

सुरुवातीला तो म्हणायचा, “निम्मं.” मग “थोडंसं.” मग एके दिवशी म्हणाला, “अगं, त्या जुळ्यांच्या गाण्यात सुरुवातीला मी ‘हो’ म्हणतो.”

“हो?”

“हो. म्हणजे, ‘हो’ असंच म्हणतो.”

“वा! लग्नाचं विचारलं तेव्हाही तुम्ही एवढंच बोलला होतात,” ती म्हणाली आणि पोळपाट आपटला. “अहो, अल्बम कुणाचा आहे? कव्हरवर नाव तुमचं, आत सगळा गाव. तुम्ही कुठे आहात त्यात?”

तेव्हा त्याने तिला शेवटच्या गाण्याबद्दल सांगितलं. ते त्याने कितीतरी वर्षं मनात धरून ठेवलं होतं. त्यात पाहुणा नव्हता. ती भाजी चिरत होती, आणि हा फ्रिजला टेकून, तिच्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला:

“बटण तू दाबतोस, मी खाली अंधारात,
दोर माझ्या हातात, तू आरशात.
वर गेलास तू, मी मोजले नाहीत मजले,
माझे दिवस दोन दारांच्या फटीत निजले.”

पुढेही बरंच होतं. ओट्याखालचं अंथरूण होतं, दारामागून ऐकलेलं कौतुक होतं. तिची सुरी थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या पोटात हे आहे, याचा तिला पत्ता नव्हता. तिला रडू आलं, आणि कांदा चिरत नसल्यामुळे ते लपवताही येईना.

“हे कुणाला देऊ नका,” ती म्हणाली.

“नाही देणार. हे माझं. शब्द देतो.”

आणि मग घण भेटला.

घण म्हणजे त्या शहरातला सगळ्यात नावाजलेला रॅपर. त्याचं नाव घेतलं की पोरं कानातले हेडफोन काढायची. हा घण एका इमारतीत मजल्याच्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये अडकला. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला घाबरू द्यायचं नाही, हा लिफ्टवाल्यांचा पहिला नियम. मजल्याने सहकाऱ्याला वर मशीनच्या खोलीत पाठवलं आणि स्वतः बंद दाराशी उभा राहून आतल्या माणसाशी बोलू लागला. आत कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. बोलायला काही उरेना तेव्हा त्याने ओळी म्हणायला सुरुवात केली, दाराच्या पत्र्यावर बोटांनी ताल धरून.  मग आतूनही पत्र्यावर ताल पडला, आणि जो आवाज आला तो मजल्याने हेडफोनमधून शेकडो वेळा ऐकलेला होता. दार उघडल्यावर घण बाहेर आला, घाम पुसला आणि म्हणाला, “तू बोलत नसतास तर मी आत वेडा झालो असतो. काही लागलं तर सांग.”

मजला कशाला सांगतोय! पण गालिच्याला हे कळलं, आणि मग जुळ्यांना, सरांना, ताईला आणि नणंदेला. सगळे त्याच्यामागे हात धुऊन लागले. घण अल्बममध्ये आला तर सगळ्यांचं भलं होणार होतं, हे काही खोटं नव्हतं. गालिच्याने स्वतःच फोन केला. घण आला, खाली अंथरलेल्या गालिच्यावर मांडी घालून बसला आणि सगळी गाणी शांतपणे ऐकली. शेवटच्या गाण्याचा नुसता ताल वाजला, अजून त्यावर कुणाचाच आवाज चढवलेला नव्हता, आणि त्याने मान वर केली.

“हा मला द्या. बाकीच्यात मी बसत नाही. ह्याच्यात बसतो.”

गालिच्याने मजल्याकडे बघितलं. हे गाणं मजल्याने स्वतःसाठी राखलंय, हे त्याला माहीत होतं. मजल्याने तोंड उघडलं, आणि तोंडातून जे इतकी वर्षं निघायचं तेच निघालं.

“घ्या ना.”

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. त्याला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “सगळ्यांना बसवलंत. आता जा बाहेर, दाराशी उभे राहा,” आणि आत जाऊन दिवा घालवला. त्यानंतर ‘आज तुमचं किती झालं’ हे तिने विचारणंच सोडून दिलं. इतर सगळं बोलायची. गॅस संपलाय, नळ गळतोय, चप्पल तुटलीय. तेवढं एक मात्र नाही.

घणासाठी डमी करायची होती. मजला माइकसमोर उभा राहिला, घणाच्या धाटणीच्या ओळी लिहायचा प्रयत्न केला, पण काही सुचेना. शेवटी त्याने स्वतःचंच सगळं म्हणून टाकलं, बटणापासून दारामागच्या कौतुकापर्यंत, कुणाची नक्कल न करता. गालिचा पडद्याकडे बघत बसला होता. त्याने हेडफोन काढून विचारलं, “ही डमी?”

“हो.”

“ही पुसायची?”

“पुसायचीच ना. त्यांचं झालं की.”

घण ठरल्या वेळी आला, हेच मुळात नवल. डमी कानात घेऊन, डोळे मिटून त्याने पहिल्या झटक्यात आपलं सगळं म्हटलं. दमदार म्हटलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. झाल्यावर पाणी प्यायला, “छान ताल आहे” म्हणाला आणि गेला.

मग गालिचा शेवटचं काम करायला बसला. सगळे आवाज वर-खाली करून एकमेकांत मिसळायचे, डम्या बंद करायच्या. हे काम चालू असताना तेच गाणं माणूस इतक्यांदा ऐकतो की घरातल्या फ्रिजची घरघर जशी ऐकू येईनाशी होते तसं काही काही कानाआड जातं. बाकी सगळ्या डम्या त्याने नीट बंद केल्या. शेवटच्या गाण्यातली डमी राहिली. हळू करून ठेवलेली होती, आणि त्याच्या कानाला ती तालाचाच भाग वाटू लागली होती. ह्या धंद्यात अशी चूक होते, आणि झाली की माणसाला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

अल्बम लोकांसमोर जाण्याआधी सगळ्यांनी मिळून ऐकायचा, असं ठरलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे गोदामात जमले. सर आले, जुळे आले आणि खुर्चीवरून भांडले, ताई नणंदेसह आली, घोषणावाल्या बाई साडीवर कोट घालून आल्या. घणसुद्धा आला. मजला सगळ्यांना बसवत होता, पाणी देत होता, चहाचे कप फिरवत होता. आणि दारात त्याची बायको. तिने स्टुडिओत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. 

“मला फक्त शेवटचं ऐकायचंय,” ती म्हणाली. “बघू तरी, दिलेलं कसं वाजतं ते.” आणि मागे एका गुंडाळलेल्या गालिच्यावर जाऊन बसली. शेजारी पर्स ठेवली.

गाणी सुरू झाली. आपापलं आलं की प्रत्येकजण छताकडे बघायचा आणि बाकीचे हसायचे, दाद द्यायचे. अल्बम झकास झाला होता, त्यात वाद नाही. जत्रेत शिरल्यासारखं वाटत होतं, फक्त जत्रा भरवणारा कुठे दिसत नव्हता. मजला दाराशी उभा होता, रिकामे कप हातात धरून.

शेवटचं गाणं लागलं. घणाचा आवाज आला आणि सगळे सरसावून बसले. पहिली ओळ झाली. घणाने श्वास घेतला, आणि त्या फटीतून दुसरा आवाज आला, बारीक, मागे राहिलेला. “...दोर माझ्या हातात...” मग घण. मग पुन्हा फट. “...दारांच्या फटीत निजले...”

आधी कुणाला काही कळेना. मग घोषणावाल्या बाई विमानतळ थांबवावा तशा आवाजात म्हणाल्या, “एक मिनिट. हा कोण?”

त्यांनाच काय, गालिचा आणि घण सोडले तर कुणालाच ओळखता आलं नाही. बाकी प्रत्येकाने मजल्याच्या डम्या ऐकल्या होत्या, पण त्या आपल्या आपल्या धाटणीतल्या. त्याचा स्वतःचा आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. बायकोने मात्र ओळखला. ती उठून उभी राहिली होती.

 गालिच्याने गाणं थांबवलं. “दादा, माफ करा, चूक झाली. डमी राहिलीय. आत्ता काढतो, दोन सेकंद,” असं म्हणत त्याचा हात बटणाकडे गेला.

“काढ,” घण म्हणाला. रागाने नाही, साध्या सुरात.

मजल्याच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. ‘काढ ना, काढ.’ तेही त्याने किती वेळा म्हटलं होतं. पण त्याची नजर मागे उभ्या असलेल्या बायकोवर गेली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मान खाली घालून पर्स उचलत होती, निघायला. आता ही गेली की आपलं म्हणणारं कुणी उरणार नाही, हे त्याला लख्ख कळलं.

“नको काढू,” तो म्हणाला.

गालिच्याचा हात हवेत राहिला. “काय?”

“ती डमी नाही. ते माझं आहे.” हातातले कप तसेच धरून तो पुढे आला. “गाणंपण माझं आहे. मी द्यायला नको होतं. दिलं, ती चूक माझी.”

 जुळ्यांपैकी एकजण पुटपुटला, “अरे, घणदादा आहेत म्हणून आम्ही सगळ्यांना सांगून बसलोय.” सरांनी चष्मा काढला आणि परत घातला.

घणाने बाजूला ठेवलेली टोपी हातात घेतली. “दोन आवाज एकावर एक नाही चालायचे,” तो म्हणाला. “लोकांना दोन्ही कळणार नाहीत. एक ठेव. कुठला ते तू सांग. घर तुझं आहे.”

 

“माझा ठेवा,” मजला म्हणाला.

“बरं,” घण म्हणाला. उठला, टोपी घातली, सगळ्यांना हात केला.

पाहुण्याला खाली सोडायला जायचं, ही सवय काही सुटणारी नव्हती. मजल्याने कप खाली ठेवले आणि घणामागोमाग लिफ्टमध्ये शिरला. दार लागलं. ही लिफ्ट त्याच्याच हाताखालची, अगदी बिनआवाजाची, त्यामुळे अवघडलेपण झाकायलाही काही नव्हतं.

“मला वाटलं होतं, तू परत ‘घ्या ना’ म्हणशील,” घण म्हणाला.

“मलाही तसंच वाटलं होतं.”

घण हसला. खाली पोचल्यावर दारात थांबून म्हणाला, “रेकॉर्डिंगच्या दिवशी कानात तू होतास. मी तुझ्या मागे मागे गेलो फक्त. तेव्हाच म्हणायला हवं होतं मी काहीतरी. पण गाणं चांगलं होतं ना, मोह झाला.” आणि रस्त्यावर निघून गेला. त्याच्याबरोबर अल्बमचं निम्मं नशीबही गेलं, हे मजल्याला समजत होतं. वर बसलेल्यांना आता तोंड कसं दाखवायचं, हे मात्र समजेना. तो वर जाताना एकटाच होता. लिफ्टमधल्या आरशाकडे त्याने कामाव्यतिरिक्त कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. मिशी खरंच असून नसल्यासारखी होती.

गोदामाच्या दारात तो थांबला. आत सगळे होते. जुळे तोंड फुगवून बसले होते. घोषणावाल्या बाई स्वतः उठून कप गोळा करत होत्या, आणि ताईची नणंद त्यांना मदत करत होती. बायको गेली नव्हती. गुंडाळलेल्या गालिच्यावर परत बसली होती आणि गालिच्याला काहीतरी सांगत होती.

“फार बारीक आहे आवाज,” ती म्हणत होती. “वाढवा जरा. अजून. हां, एवढा.”

मग तिने दाराकडे पाहिलं. हा तिथेच, उंबऱ्याशी, कुणाला तरी आधी जाऊ द्यायचं असल्यासारखा उभा. तिने शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली, मोकळ्या झालेल्या जागेवरची धूळ हाताने झटकली.

“या,” ती म्हणाली. “बसा.”

मजला आत आला आणि तिच्याशेजारी बसला. गालिच्याने गाणं पहिल्यापासून लावलं.